ऑपरेशन कुठलं, हा प्रश्न नव्हताच

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरात क्रेन चालवणाऱ्या विष्णूने एकदा अख्ख्या मेसला हसवलं होतं. त्याच्याच खोलीतला रत्नागिरीचा लियाकत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून परतला होता. लघवी आवरत नसल्याने डायपर लावायचा. "काय हबीबी, बाळाचं बारसं कधी?" विष्णूने सगळ्यांदेखत विचारलं. लियाकत भरलं ताट ठेवून निघून गेला.

वर्षभराने विष्णूलाच तो आजार निघाला.

डॉक्टर हमीदांनी समजावलं, "पोट उघडून करता येतं, दुर्बिणीने करता येतं, रोबोटनेही. शेवटच्या दोन्हींत जखम लहान, रक्त कमी जातं, दवाखान्यातून लवकर घरी सोडतात. पण लघवीवरचा ताबा, शरीरसंबंध, यांचा धोका तिन्हींत आहे. सर्जनचा हात सरावलेला हवा. आणि तुमचा कॅन्सर वेगाने वाढणारा आहे, थांबू नका."

"गॅरंटी कशात?"

"कशातच नाही."

विष्णू गॅरंटी शोधत राहिला. दुबईत एक मत, शारजात दुसरं, मोबाईलवर व्हिडिओ. गावी बायकोला, सत्यभामाला, नुसतं "पाठ दुखते" म्हणाला.

लियाकतला कळलं, तेव्हा तो आपणहून येऊन बसला. "माझं पोट उघडून केलं. चार महिन्यांत डायपर सुटला. कसंही कर विष्णू, पण कर!"

"तुझ्यासारखं हसं नाही करून घ्यायचं मला!"

दहा महिने गेले. क्रेनची शिडी चढवेना. डॉक्टर हमीदांनी नवा स्कॅन त्याच्यापुढे ठेवला.

"रोबोटने करा, पोट फाडा, काहीही करा!" विष्णू ओरडला.

"हाडांत पसरलाय. आता औषधांनी रोखून धरायचं. ऑपरेशनने बरं होण्याची वेळ गेली."

फोनवर सत्यभामाने सगळं ऐकून घेतलं. "लाज कोणाची वाटली? माझी?"

"मेसमधल्या लोकांची."

"त्यांच्यापायी माझं कुंकू पणाला लावलंत?"

रविवारी विष्णू भरल्या मेसमध्ये उभा राहिला. "मी लियाकतला हसलो. तुम्ही मला हसाल म्हणून ऑपरेशन टाळलं. आता हसा!"

कोणी मान वर केली नाही. "माफ केलं," लियाकत म्हणाला, "पण त्याने तुझी हाडं बरी होणार नाहीत."

त्या आठवड्यात पन्नाशीपुढच्या दोघांनी लियाकतकडून डॉक्टरांचा नंबर घेतला.

वाचकहो, ऑपरेशनच्या पद्धती जरूर ताडून पाहा, डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारा. पण कुणाच्या दुखण्यावर विनोद करण्याआधी थांबा! ऐकणाऱ्यांत एखादा असा असतो, जो त्या विनोदाला भिऊन दवाखान्याच्या दारातून परत फिरतो.