यंदाचा रंग लाल

काकांना सुईची भीती वाटते हे मलाही माहीत नव्हतं. जो माणूस एका सकाळीत तीनशे मेंढरांना टोचतो, त्याच्यावर असा संशय घेणार तरी कोण?

झालं असं. लोकर कातरायला आलेला एक गडी तापाने फणफणला. मान ताठ, अंगावर जांभळे डाग. मेंदूज्वर! दवाखान्यात नेला, थोडक्यात वाचला. आम्ही सगळे त्याच्याच मगातून पाणी पीत होतो, काका सगळ्यात जास्त. नर्सबाईंनी येऊन आम्हाला गोळ्या दिल्या. वर लसही घ्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "हा तान्ह्या लेकरांचा आजार. आणि मी घेतलीय लस, आठ वर्षांपूर्वी."

"तेव्हा जंतू वेगळ्या जातीचा होता, काका," नर्सबाई म्हणाल्या. " आता आलाय तो मिशीवाल्यांनाही सोडत नाही. जुनी लस त्याला ओळखत नाही."

"मी करून देतो ओळख."

सगळे लोकरीने माखलेले, कुणाला टोचलं तेच कळेना. मग काकांचीच युक्ती वापरली. मेंढरं टोचायच्या अरुंद लाकडी गल्लीतून एकेकाला सोडायचं, टोचलं की पाठीवर त्या वर्षीच्या रंगाचा फटका. काकू लाल रंगाची बादली धरून उभ्या.

तेवढ्यात काका शीळ घालत गल्लीच्या बाहेरून आले. पाठीवर निळा पट्टा. मागच्या वर्षीचा डबा शोधून त्यांनी दाराच्या चौकटीला रंग फासला होता आणि तिच्यावर पाठ घासली होती.

"अहो, हा रंग कुठल्या सालचा?" काकूंनी विचारलं.

"रंग तो रंग."

"मग मेंढराला का चालत नाही? जुना रंग दिसला की काय करायचं? सांगा की सगळ्यांना."

काकांची शीळ थांबली. कायदा त्यांचाच होता.

"पुन्हा धरायचं," ते पुटपुटले.

कातरणाऱ्यांना एवढंच हवं होतं. चौघांनी त्यांना उचललं, गल्लीत घेतलं आणि मेंढरासारखं बुडावर बसवून मागून आवळून धरलं.

"मेलो! टोचा एकदाचं!"

"टोचून झालं," नर्सबाई म्हणाल्या.

काकूंनी लाल फटका मारला. मी सवयीने पलीकडचं फाटक उघडलं. काका सुटले ते थेट वाड्यात, कळपाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गडी खिदळत होते, पण काका हलेनात.

काकूंनी बादली खाली ठेवली.

"तीनशे एक," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच सुटकेचा निःश्वास टाकला.