इंचाला एक हात

मी अकरा इंचांची रुग्णवाहिका बोलतेय. हसू नका. माझ्या डोक्यावर निळा दिवा आहे, मागे उघडणारी दोन दारं आहेत, आत चार इंची स्ट्रेचर आहे आणि स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं खरोखर वळतात. आजवर मी एकाही माणसाला दवाखान्यात नेलेलं नाही. तरी डोळखांबच्या वरच्या अंगाला हेदवाडीत जाऊन विचारा, लोक माझ्याबद्दल अदबीनं बोलतील.

माझा जन्म दोन कंपन्यांच्या करारातून झाला. एक खेळणी घडवणारी आणि दुसरी खऱ्या गाड्या बनवणारी, जिचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोठ्या कंपनीची अट एकच होती. नाव आमचं वापरा, पण मापही आमचंच ठेवा. खऱ्या गाडीपेक्षा बरोबर अठरापट लहान, तसूभरही इकडेतिकडे नाही. त्यांचा एक माणूस माप घ्यायचं यंत्र घेऊन आला होता. माझ्या थोरल्या बहिणींचे आरसे अर्धा मिलिमीटर जाड निघाले, तर त्यानं अख्खी खेप परत वितळवायला लावली. तेव्हा मला तो भलता खडूस वाटला होता.

आम्ही दोन हजार जणी निघालो. माझ्या पोटावर ४१७ हा क्रमांक कोरला आणि मला पारदर्शक खिडकीच्या पेटीत बसवून तोंड सीलबंद केलं. गोदामात शेजारी लाल-पिवळ्या शर्यतीच्या गाड्या होत्या. त्या मला आजारी गाडी म्हणायच्या. हिला कोण हौसेनं घेणार, असं त्यांचं चालायचं.

मला घेतलं रत्नदीपनं. शहापूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात तो काउंटर सांभाळतो. अशा गाड्या जमवायचा त्याला नाद. घरी काचेच्या कपाटात तेवीस गाड्या होत्या, मी चोविसावी. मोबाइलवरच्या त्याच्या मित्रमंडळींनी विचारलं की एवढ्या देखण्या गाड्या सोडून रुग्णवाहिका कशाला? त्याच्या वाडीला रस्ता नव्हता. आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली आणावं लागायचं, आणि कॉलेजात असल्यापासून त्या बांबूखाली त्याचा खांदा असायचा.

कुरिअरवाला वर येत नाही. शहापूरहून डोळखांबपर्यंत मी एसटीनं गेले. पुढची पाऊण तासाची चढण मी रत्नदीपच्या छातीशी बसून चढले. विचार करा, रुग्णवाहिका वाडीत आली ती माणसाच्या कडेवर बसून.

मग दोन वर्षं मी कपाटात होते. संग्रह करणाऱ्यांचा नियम कडक असतो. पेटी उघडली की गाडीचा मान गेला. रत्नदीपची आई चिमाबाई काच पुसताना रोज ऐकवायची, "या गाड्या हायत का देव हायत रे? ना खेळायच्या, ना चालवायच्या." पण तिच्याही ट्रंकेत एक चादर घडी न मोडता ठेवलेली होती, पाहुण्यांसाठी. ते पाहुणे काही मला कधी दिसले नाहीत. माणसं चांगली वस्तू अशी नंतरसाठी ठेवतात आणि ते नंतर कधी येणार हे कुणी विचारत नाही.

यंदा दिवाळीनंतर वाडीचा रस्ता मंजूर झाला. खालून काँक्रीट चढत चढत विहिरीपाशी आलं. तिथं वाट एकदम काटकोनात वळते. आतल्या बाजूला विहीर, बाहेरच्या बाजूला कमळाकरकाकांचं खळं. ठेकेदाराचा सुपरवायझर मुकेश यानं चुन्याची फक्की मारून रस्ता आखला, वळणावरही सरळ रस्त्याइतकाच, साडेसहा हात रुंद. सोमवारी काँक्रीट पडणार होतं.

रत्नदीपची धाकटी बहीण दीप्ती सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी सकाळी ती फक्की बघून आली आणि चप्पल न काढताच घरात शिरली. रुग्णवाहिका त्या वळणावर अडकणार, असं तिचं म्हणणं होतं. निदान नऊ-साडेनऊ हात रुंदी हवी, आणि जास्तीचे तीन हात खळ्यातूनच मिळू शकतात.

तिनं मुकेशला गाठलं. मुकेश माणूस सरळ. त्यानं सांगितलं की कागदावर वळणाला वेगळं काही लिहिलेलं नाही, पण जागा मिळाली तर तो आनंदानं वाढवून देईल. त्यानं कमळाकरकाकांना आधीच विचारलं होतं. काका म्हणाले होते, एवढ्यात आरामात वळते.

आता कमळाकरकाका म्हणजे साधी असामी नव्हे. मुरबाड-कल्याण मार्गावर बावीस वर्षं त्यांनी जीप मारली. गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द वाडीत शेवटचा. तीन हात जागेचा त्यांना लोभ नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी चारचौघांत वळते म्हटलं होतं, आणि आता एक पोरगी नाही म्हणत होती. गाठ तिथं बसली होती.

दीप्तीनं नकाशा काढून दाखवला. काकांनी तो उलटासुलटा धरला आणि परत दिला. "मीटर-बिटर मला नको सांगू गो. हातात सांग." आणि वर पुस्ती जोडली, "गाडी वळत नाय असं नसतं, डायवरला वळवता येत नसतं."

हातात सांग म्हटल्यावर दीप्ती थबकली. हात म्हणजे अठरा इंच. इथला एक हात अठरापट लहान केला की उरतो बरोबर एक इंच. तिनं ठरवलं, अख्खं वळण खळ्यावर काढायचं, हाताला एक इंच या हिशेबानं.

मग कुणाचा हात, यावर अर्धा तास गेला. चिमाबाईचा हात आखूड, काकांचा लांब, आणि दोघंही मागं हटेनात. शेवटी अठरा इंचांची काठी कापली आणि तिनं विहीर, वाट, बांध सगळं मोजलं. सारवलेल्या खळ्यावर रांगोळीनं वळण उमटलं. विहिरीच्या जागी चिमाबाईचा भाताचा टोप पालथा बसला. गाडी म्हणून दीप्तीनं वीट ठेवली आणि ती ढकलून दाखवली. बघा, अडकते.

सगळी वाडी जमली होती, मुकेशही होता. काका मिशीत हसले. "विटेला स्टेरिंग कुठं हाय? तू ढकलशील तिकडंच जाणार ती."

लोक खो खो हसले. दीप्तीचे डोळे भरून आले. रागानं, बरं का. कमळाकरकाकांची सून सुंदरा पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. तिला सातवा महिना होता. ती हसली नाही.

रत्नदीप गर्दीच्या मागे होता. तो वळला आणि घरात आला. कपाटासमोर उभा राहिला. त्याचा हात एकदा शेजारच्या लाल गाडीकडं गेला, परत आला. मग त्यानं मला काढलं आणि खिशातल्या किल्लीनं सील फाडलं. दोन वर्षांनी मला वारा लागला. पेंढ्याचा वास, शेणाचा वास, कुठंतरी मिरची भाजल्याचा ठसका. मला शिंकता आलं असतं तर मी शिंकले असते.

मला खळ्यावर ठेवून तो एवढंच म्हणाला, "काका, हिला स्टेरिंग हाय. कंपनीच्या मापाची हाय. तुमीच चालवा."

काकांनी चष्मा लावला. गुडघ्यावर बसले. माझं स्टिअरिंग दोन बोटांत धरलं, आणि मला कळलं की हा खरा ड्रायव्हर आहे. उजवीकडं काटताना त्यांनी उगाच आरशात पाहिलं. पहिल्या खेपेला माझं मागचं चाक विहिरीवर, म्हणजे टोपावर चढलं. दुसऱ्या खेपेला नाक रांगोळीबाहेर खळ्यात गेलं. तिसऱ्या खेपेला टोपाचा काठ माझ्या कुशीला घासला आणि पांढऱ्या रंगाचा टवका उडाला. रत्नदीपनं डोळे मिटले.

काका घामाघूम झाले, पण हार मानेनात. चौथ्या वेळी त्यांनी मला पुढं घेतलं, मागं घेतलं, पुन्हा पुढं, पुन्हा मागं, असं सात वेळा करत करत एकदाचं पलीकडं काढलं. उठून गुडघे झटकले. "वळली."

तेव्हा सुंदरा पायरी उतरून आली. सासऱ्यासमोर ती फारशी बोलत नसे. तिनं सुपातला वालाचा एक दाणा उचलला, माझं मागचं दार उघडलं आणि तो स्ट्रेचरवर ठेवला. दार मात्र उघडंच ठेवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून.

"मामंजी," ती म्हणाली, "आता वळवा. आतमधी मी हाय."

काका पुन्हा बसले. या वेळी त्यांनी मला फुलासारखं चालवलं. पुढं. मागं. पुढं. तिसऱ्या हिसक्याला दाणा स्ट्रेचरवरून घरंगळला, दारातून बाहेर पडला आणि सारवणावर टप् आवाज झाला.

काकांनी माझ्यावरचा हात उचलला. तो दाणा उचलून तळहातावर घेतला. मग वर न बघता म्हणाले, "मुकेश, फक्की पूस. माझ्या खळ्यातनं तीन हात घे. नाय, साडेतीन घे. डायवर नवीन असला म्हणजे?"

दीप्ती काही बोलायला गेली, तर चिमाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. जिंकल्यावर गप्प बसणं या पोरीला जमत नाही. काकांनीच तिला हाक मारली आणि फक्कीची पाटी तिच्या हातात दिली. तू आख, म्हणाले.

सोमवारी काँक्रीट पडलं, दहा हात रुंद. दोन महिन्यांनी, टळटळीत दुपारी, सुंदराच्या कळा सुरू झाल्या. फोन केला आणि माझी अठरापट मोठी बहीण धुरळा उडवत वर आली. रत्नदीपनं मला खिडकीत ठेवलं होतं. कमळाकरकाका वळणावर उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत होते, येऊ दे, येऊ दे, काट. ड्रायव्हर विशीतलं पोरगं होतं. त्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एका दमात वळवून सरळ दारात आणली. काकांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. मुलगी झाली. काका तिला अजून दोन हातांत धरायला घाबरतात.

संग्रह करणाऱ्यांच्या लेखी आता मी टवका उडालेली, पेटी नसलेली गाडी आहे. रत्नदीपनं तो टवका रंगवलेला नाही. त्याचे मित्र हळहळले तेव्हा त्यानं त्यांना आमच्या वळणाचा फोटो पाठवला.

सध्या मी कपाटात क्वचितच असते. बातमी पसरायला वेळ लागत नाही. धसईच्या बाजारात कुणीतरी काकांना विचारलं, मग मुरबाडकडच्या एका वाडीनं दीप्तीला बोलावलं, त्यांचाही रस्ता आखला जातोय. दर रविवारी दीप्ती मला कापडी पिशवीत घालते, काका काठी घेतात आणि आम्ही निघतो. काका आता सगळ्यांना ऐकवतात की वळण आधी वळवून बघावं, मग बोलावं.

तुमच्याही वाटेला असं एखादं वळण असेल. ते मंजूर होईल, आखलं जाईल, आणि कुणीतरी जाणता माणूस म्हणेल की वळते. त्यांचा मान ठेवा, चहा द्या, पण काँक्रीट पडायच्या आधी मोजून घ्या. खळं सारवून ठेवा, एक टोप पालथा घाला आणि आम्हाला निरोप धाडा. माझी चाकं अजून छान वळतात.