लव्हाळ्याच्या पोटातलं

बस चढणीला लागली तेव्हापासून सेनोबिओ पिमिंचुमोचं डोकं ठणकत होतं. डोंगरांतलं उंचावरचं पुनो शहर येईपर्यंत खिडकीबाहेर बघायचीही ताकद उरली नव्हती.

त्याचा सगळा जन्म उआन्चाकोच्या समुद्रकिनाऱ्यावर गेला. लव्हाळ्याची होडी बांधायची, घोड्यावर बसावं तशी तिच्यावर मांड ठोकायची आणि लाटा फोडून मासे धरायला आत जायचं. त्या होडीला तिथे शिंगरूच म्हणतात. थोड्या दिवसांत शिंगरू पाणी पिऊन जड होतं, की पुन्हा लव्हाळा कापा, वाळवा, नवं बांधा. बाप हेच करायचा, आजाही हेच. आता मासे कमी आणि पर्यटक जास्त झाले होते. उन्हाळ्यात एकेकाला पुढ्यात बसवून लाटेवरून फिरवून आणायचं, त्यांनी किंचाळायचं, फोटो काढायचे. सेनोबिओचे गुडघे गेले होते. मन त्याच्या आधीच विटलं होतं.

मुलगी ओर्तेन्सिया नगरपालिकेत कामाला होती. तितिकाका सरोवराकाठी लव्हाळ्यावर जगणाऱ्या लोकांचा मेळावा भरणार होता, तिथे तिनेच त्याचं नाव दिलं.

"बाबा, जन्मभर लोक तुम्हाला बघायला आले. आता तुम्ही कुठेतरी बघायला जा."

"मला झोपायचंय."

"बसमध्ये झोपा."

पुनोच्या थांब्यावर त्याला घ्यायला सातुर्निनो चांबिया आला होता. त्याच्याच घरी सेनोबिओची सोय केली होती. सातुर्निनो सरोवरावरचा होडीवाला, वयाने त्याच्याच बरोबरीचा, बुटका आणि छातीने रुंद.

"पाहुणे, तोंड राखेसारखं झालंय तुमचं," तो म्हणाला. "किनाऱ्यावरची माणसं अशीच. वर आली की ओल्या पोत्यासारखी बसतात."

"जरा हवा ठेवत जा वर, मग नाही बसणार."

"हवा आम्ही संपवली. आधी यायचं होतं."

सेनोबिओ हसणार होता, पण तेवढ्यात त्याला ओकारी आली.

पुढचा सबंध दिवस तो सातुर्निनोच्या घरात पडून होता. उद्घाटन, भाषणं, ढोलताशे, सगळं त्याने घोंगड्याखालून ऐकलं. सातुर्निनोची बायको एपिफानिया मधूनमधून येऊन कोकाच्या पानांचा काढा पाजत होती.

"मुकाट प्या. आणि आंघोळीचं नाव काढू नका, मराल."

"एवढ्या लांबून येऊन काहीच बघितलं नाही मी, वहिनी."

"आम्ही इथेच राहतो. आम्ही तरी काय बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी तो उठून बसला. मेळाव्याची सगळी मंडळी सियुस्तानीच्या टेकडीवर निघाली होती, म्हणून तोही निघाला. तिथे इन्कांच्या आधीच्या कोया लोकांनी आपल्या मृतांसाठी दगडी मनोरे उभारलेत. अर्ध्या चढणीवर त्याचा श्वास संपला आणि तो दगडावर बसला. सातुर्निनोही निमित्तच शोधत होता, तो शेजारी टेकला. बाकीचे माहिती सांगणाऱ्याच्या मागून वर गेले.

"आत काय आहे त्या मनोऱ्यांच्या?" सेनोबिओने विचारलं.

"छोटं दार आहे, रांगत जावं लागतं म्हणतात. मी नाही गेलो कधी."

"एवढं जवळ असून?"

"जवळ आहे म्हणूनच."

सेनोबिओला आपल्या घराजवळच्या चानचानच्या मातीच्या भिंती आठवल्या. इन्कांनी जिंकून घेतलेली ती त्याच्याच वाडवडिलांची राजधानी. त्रुहियोच्या बसमधून तो रोज त्या बघायचा. शाळेच्या सहलीनंतर त्यानेही आत पाऊल टाकलं नव्हतं. आणि इथे तो दुसऱ्याच्या पूर्वजांसाठी धापा टाकत आला होता.

"गड्या, आपण दोघे सारखेच," तो म्हणाला.

"छे! मी धापा टाकत नाही."

संध्याकाळी मंडळी काठावर परतली. दुसऱ्या सकाळी दोघांनी लोकांसमोर होड्या बांधायच्या होत्या. इथला लव्हाळा लांब आणि जाड निघाला. सेनोबिओने जुड्या आवळायला सुरुवात केली. हात आपोआप चालत होते, मान मात्र दुखत होती. दोरी खेचायला गुडघा टेकवावा लागे, तेव्हा तो दात आवळायचा. लोक भोवती जमून फोटो काढत होते.

मध्येच दोरी संपली, म्हणून तो सातुर्निनोच्या होडीमागे गेला. तिथे वाकला तर काय, जाड जुडीच्या पोटात सरबताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या! बुचं घट्ट लावून ओळीने कोंबलेल्या, वरून लव्हाळ्याचं आवरण.

सातुर्निनोने त्याला बघताना बघितलं. त्याचं तोंड उतरलं.

"बोल, काय बोलायचंय ते," तो दबल्या आवाजात म्हणाला. "नुसता लव्हाळा कुजतो. दर वेळी एवढा कापायचा कोणी? पोरं हुलियाकाला ट्रक चालवतात. माझी पाठ मोडलीये."

सेनोबिओला असं हसू फुटलं की दम लागून त्याला जमिनीवर बसावं लागलं.

"माझ्यात थर्माकोल असतो," तो म्हणाला.

"काय सांगतोस!"

"आईशप्पथ. टीव्हीच्या खोक्यातला."

सातुर्निनो पोट धरून हसला. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग सूत्रसंचालन करणारी तरुणी माइक घेऊन आली. "हजारो वर्षांत यात काही म्हणता काही बदललेलं नाही! हो ना, सेनोबिओकाका?"

हो म्हटलं की सुटलो, हे त्याला कळत होतं. किनाऱ्यावर हे 'हो' त्याने शेकडो वेळा म्हटलं होतं. पण तो फार दमला होता, आणि एवढ्या दमणुकीत खोटं बोलायचेही कष्ट पडतात.

"बदललंय की, पोरी. हे आज बांधलंय ते नुसत्या लव्हाळ्याचं. घरी मी आत थर्माकोल घालतो. नाहीतर दर महिन्याला नवं बांधणं आता माझ्याच्याने होत नाही."

तरुणीने ओढूनताणून हसून पुढच्या नाचाची घोषणा केली. सातुर्निनो आपल्या होडीकडे बघत उभा होता. त्याचं नाव सेनोबिओने घेतलं नव्हतं.

तासाभरात ओर्तेन्सियाचा फोन आला. "बाबा, काय बोललात तुम्ही तिथे? इथे साहेबांना व्हिडिओ आलाय, विचारतायत."

"जे आहे ते."

मग ती म्हणाली, "जेवलात का?"

"हो. आणि ऐक, पुढच्या उन्हाळ्यात मी पर्यटकांच्या फेऱ्या मारणार नाही. साहेबांना तेही सांग."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता.

मेळावा पांगला, पण सेनोबिओ एक दिवस जास्त राहिला. कोणी बघायला नव्हतं. सातुर्निनोला गाईंसाठी लव्हाळा कापायचा होता, म्हणून दोघे त्याच्या बाटल्यांच्या होडीतून निघाले. सातुर्निनोने एक कांडी उपटली, बुडखा सोलला आणि आतला पांढरा गाभा पाहुण्याला दिला.

"खा. आमची न्याहारी."

सेनोबिओने चावून बघितलं. पाणीदार होतं, काकडीसारखं. आयुष्यभर लव्हाळ्याला हात लावून त्याने तो कधी तोंडात घातला नव्हता.

"कसं लागतं?"

"चव नाही काही."

"नसतेच."

एकही लाट नव्हती. त्या संथ पाण्याची सेनोबिओला आधी भीती वाटली, मग डोळे जड झाले. सातुर्निनोने त्याच्या अंगावर आपलं घोंगडं टाकलं, आणि होडी ढकलायची काठी पाण्यात रोवून, आवाज न करता, तो गाईंचा चारा एकटाच कापू लागला.