घरची गाय

डॉक्टरांनी गाईचा कान हातात धरला, पिवळ्या बिल्ल्यावरचं शेण अंगठ्यानं पुसलं आणि नंबर मोबाइलमध्ये टाकला. गोठ्याच्या दाराशी सून बादलीत हात धूत होती. पहाटे गाय गाभडली तेव्हा मेलेलं वासरू तिनंच ओढून काढलं होतं, कोपरापर्यंत हात घालून. सासऱ्याचे गुडघे आता वाकत नव्हते आणि नवरा ट्रक घेऊन लांब गेला होता.

"रेकॉर्ड तर चोख आहे," गुरांचे डॉक्टर म्हणाले. "लस दिलेली, रक्त तपासलेलं. काका, ही बाहेरून विकत आणलेली नाही ना?"

"का हो?" म्हाताऱ्या सासऱ्यानं विचारलं.

"गाभडण्याचा एक आजार फिरतोय. माणसालाही लागतो." त्यांची नजर सुनेच्या पोटाकडे गेली. पाचवा महिना लपत नव्हता. "बाहेरची असेल तर हिचा नमुना घेतो आणि ताईंचं रक्त आजच तपासून घ्या. वेळेवर औषध मिळालं तर बाळ वाचतं. या बिल्ल्याचीच असेल, तर मात्र काळजी नको. दुसरीनं शिंग मारलं असेल."

त्या बिल्ल्याची खरी गाय कधीच मेली होती. सून या घरात येण्याच्याही आधी. सरकारी अनुदान नोंदलेल्या बिल्ल्यावर यायचं आणि नव्या नोंदी कित्येक वर्षं बंद होत्या. मग करणार काय? गाय मेली की पुरायच्या आधी तिचा कान कापायचा, बिल्ला सोडवायचा आणि बाजारातून आणलेल्या स्वस्त गाईच्या कानात चढवायचा. सगळेच करत. "गाय वर जाते, बिल्ला खालीच राहतो," असं म्हणून खोखो हसत. याला चोरी म्हणायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे, कारण अनुदानाशिवाय दुधाचा धंदा म्हणजे निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार.

एकच बिल्ला उसना असता तर म्हातारा बोललाही असता. पण निम्म्या गोठ्याची हीच कथा होती. एकीचं सांगितलं की सगळ्यांचं बाहेर येणार, अनुदान बंद, गोठा बंद. बाळ झालं की ट्रक सोडून घरीच राहणार, असं मुलानं कबूल केलं होतं. तो मग कशावर राहणार? म्हाताऱ्यानं सुनेकडे बघायचं टाळलं.

"घरचीच आहे," तो म्हणाला. "इथंच जन्मली."

"मग झालं तर." डॉक्टरांनी बॅग बंद केली.

"बाई गं, माझा तर जीव टांगणीला लागला होता," सून हसत म्हणाली. "म्हणजे रक्त तपासायला नको ना, मामा?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिनं तिच्यापुरतं ठरवून टाकलं.

डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर पडली. सुनेनं दुधाची बादली उचलली आणि पलीकडच्या गाईपाशी बसू लागली. म्हाताऱ्यानं बादली तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच.

"आजपासून गोठ्यात पाऊल टाकायचं नाहीस."

"अहो, पण का?"

"निसरडं असतं इथं. जा, आत जाऊन पड."

"आणि तुमचे गुडघे?"

"माझ्या गुडघ्यांचं मी बघतो. जा म्हटलं ना!"

तो भिंतीला धरून कसाबसा खाली बसला. गुडघ्यांतून कळ डोक्यापर्यंत गेली आणि त्याला ती कमीच वाटली. अंगणातून सुनेचा फोनवरचा आवाज येत होता. ती तिच्या आईशी बोलत होती.

"डॉक्टर म्हणाले, काही काळजी नाही... तपासून काय करू? उगाच सुया टोचून घ्यायच्या... आणि ऐक ना, मामांनी मला गोठ्यातून बाहेर काढलंय. स्वतः धार काढतायत. हो गं, त्या तसल्या गुडघ्यांनी! सख्ख्या बापानं जपलं नसतं एवढं जपतात मला."