घरटी एक विळी

मित्रांनो, माझ्यासमोर यायचे तर हात धुऊन यावे, आणि बोलणे संपेपर्यंत इकडेतिकडे पाहू नये. कळंबच्या मळ्यातील एका शेतकरी घराची मी विळी आहे. वय पन्नाशीच्या पुढे गेले, पण पिकलेला टोमॅटो माझ्यावर ठेवला तर आजही त्याची फोड रस न सांडता पडते. मला मऊ बोलता येत नाही. धारेच्या वस्तूने मऊ बोलूही नये.

माझा जन्म लोहाराच्या पालावरचा. मोडीत निघालेल्या ट्रकच्या पाट्याचे पोलाद भात्यावर लाल करून त्याने माझे पाते घडवले आणि ते बाभळीच्या पाटात ठोकून बसवले. त्या दिवशी बेल्ह्याच्या बाजाराला या घराचे मालक कुशाबा बैल घ्यायला आले होते. बैल काही मनास येईना. रिकाम्या हाताने घरी गेलो तर बायको सरूबाई दिवसभर बोलेल, या धास्तीने त्यांनी मला उचलले. सरूबाईंनी पाते नखावर टेकवून पाहिले आणि बैलाचा विषयच काढला नाही. मी घरात आले ती अशी मानाने.

सरूबाईंची शिस्त कडक होती. एक गुडघा उभा, दुसरा पाय पाटावर दाबलेला, पाठ ताठ. असे बसता येत नसेल तर त्या घरात कोणी मला हात लावायचा नाही. नवी सून होऊन आलेल्या इंद्रायणीबाई पहिल्या आठवड्यात दोनदा घसरल्या आणि एकदा रडल्या. पण पावसाळा संपेपर्यंत त्यांचे हात असे बसले की सासूने आपणहून माझी जागा त्यांना दिली. तेव्हापासून मीही तोच कायदा मानू लागले. ज्याला माझ्यापुढे बसायचे, त्याने खाली बसावे.

आमच्या मळ्यात दर चैत्रात हरिनाम सप्ताह होतो. काल्याच्या दिवशी सगळ्या गावाची पंगत उठते, आणि तिची भाजी चिरण्यासाठी घरटी एक विळी देवळाच्या अंगणात येते. प्रत्येकीच्या पाटावर घराचे नाव कोरलेले असते. चाळीस-पन्नास विळ्यांची ती ओळ पाहिली नसेल तर तुम्ही काय पाहिले? ओळीच्या टोकाला मी असे. पहिला लाल भोपळा माझ्यावर फुटे, मग बाकीच्या विळ्या चालू होत. शेजारच्या साळुबाईंची विळी दुसरी. साळुबाई दर वर्षी म्हणायच्या की इंद्रायणीच्या फोडी चांगल्या पडतात, फक्त प्रत्येक फोड वेगळ्या गावची वाटते. इंद्रायणीबाई हसायच्या आणि त्यांच्यापेक्षा एक भोपळा जास्त चिरायच्या.

दहा वर्षांपूर्वी इंद्रायणीबाईंच्या बोटांची पेरे सुजू लागली. सकाळी मूठ वळेना, वेणी घालता येईना. सांध्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की हा संधिवात आहे. हा वयाने झिजलेल्या गुडघ्यांचा आजार नव्हे, यात शरीरच आपल्या सांध्यांवर उलटते. औषध सुरू झाले, बोटे बरीच सुटली, आणि आम्हा दोघींचे काम चालू राहिले.

मग दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ सापडली. कर्करोग. त्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. ‘ते दुखणं’ म्हणत. पुण्याला शस्त्रक्रिया झाली, डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, मग किरणांचे उपचार. या सगळ्या काळात संधिवाताचे औषध थांबवलेले होते. गंमत अशी की केमोच्या महिन्यांत इंद्रायणीबाईंची बोटे कधी नव्हती इतकी हलकी झाली. केस गेले, अन्नाची चव गेली, पण मूठ वळत होती. त्यांना वाटले, एका दुखण्याने दुसरे नेले.

तसे नव्हते. केमो संपला, रोज एक गोळी सुरू झाली. ती पाच वर्षे घ्यायची होती, कर्करोग परत येऊ नये म्हणून. आणि माघात बोटे पुन्हा फुगली. मनगटे, गुडघे, सगळेच. इंद्रायणीबाईंनी हिशेब लावला : गोळी आली आणि बोटे गेली, म्हणजे दोष गोळीचा. चैत्र जवळ आला होता. मागचा सप्ताह शस्त्रक्रियेत चुकला होता, हा चुकवायचा नव्हता.

मी फडताळाखाली असते, त्यामुळे मला सगळे दिसते. सून नूतन रोज दुपारी जेवणानंतर गोळी हातावर ठेवायची. इंद्रायणीबाई पाणी प्यायच्या, नूतन वळली की गोळी वरच्या फळीवरच्या आंबेहळदीच्या बरणीत टाकायच्या. आंबेहळद वर्षातून दोनदा लागते; त्या बरणीकडे कोण पाहणार? मी पाहत होते. आणि मित्रांनो, खरे सांगते, मला बरे वाटत होते. मला देवळाच्या अंगणात जायचे होते, ओळीच्या टोकाला बसायचे होते. त्यापुढचा विचार मी केला नाही.

पंधरा-वीस दिवस गेले. बोटे काही सुटली नाहीत. काल्याला पाच दिवस उरले तेव्हा एका सकाळी, घरात कोणी नसताना, त्यांनी मला काढले. भिंतीला धरून खाली बसल्या. गुडघा पुरता दुमडेना, तरी पाय पाटावर ठेवला आणि भोपळा माझ्यावर दाबला. भोपळ्याची साल कठीण, बोटांत जोर नाही. भोपळा फिरला आणि डाव्या हाताचा अंगठा माझ्यावर आला.

आयुष्यात मी अनेकांना कापले आहे, पण बहुतेकांची ती शिक्षा होती. हे तसे नव्हते. हात सुजू नये म्हणून शस्त्रक्रियेच्या बाजूच्या त्या हाताला साधी टाचणीही टोचू द्यायची नाही, रक्तदाबसुद्धा त्या हातावर मोजायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावल्याचे नूतनच्या तोंडून मी स्वतः ऐकले होते.

नूतन आवाजाने धावत आली. रक्त पाहून तिने हळदीसाठी फळीवर हात घातला आणि घाईत आंबेहळदीची बरणी उघडली. हळदीऐवजी तळहातावर गोळ्या पडल्या. मग तिने बरणी खाली ठेवली, नळाखाली साबणाने जखम धुतली, स्वच्छ फडके दाबून धरले, आणि तसेच धरून सासूशेजारी जमिनीवर बसली.

इंद्रायणीबाई दुसरीकडे पाहत म्हणाल्या, “गोळी बोटं आवळती. सप्ता झाला की घेईन म्हनलं परत. एवढ्यानं काय व्हतंय.”

नूतन आवाज न चढवता बोलली. “आई, सप्ता दर साली येतो. तुमीबी दर साली यायला पायजे.”

इंद्रायणीबाईंनी उजव्या हाताने ती बरणी नूतनकडे सरकवली.

त्याच दिवशी दोघी पुण्याला गेल्या. संध्याकाळी परत आल्यावर नूतनने आपल्या नवऱ्याला सगळे सांगितले, ते मी ऐकले. जखम स्वच्छ होती, औषध दिले होते. कर्करोगाच्या डॉक्टर बाई रागावल्या नव्हत्या, हेच इंद्रायणीबाईंना जास्त लागले होते. बाईंनी त्यांच्यासमोरच सांध्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांचे ठरले की दुखण्यात थोडा वाटा गोळीचा असेलही, पण ही सूज संधिवाताची आहे. त्याचे औषध थांबलेले असल्याने त्याने डोके वर काढले. गोळी आजपासून पुन्हा सुरू. संधिवाताचे औषध रक्त तपासून, बेताबेताने, आणि ते आठवड्यातून एकदाच, बुधवारी. काही बदलायचे झाले तर आधी फोन करायचा, बरणी उघडायची नाही. हे शेवटचे वाक्य डॉक्टर बाईंचे होते की नूतनचे, मला सांगता येणार नाही.

मला मात्र पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकण्यात आले. त्या वर्षी ओळीच्या टोकाला साळुबाई बसल्या, आणि ते सांगायला मुद्दाम घरी आल्या. मी ते वरून ऐकले. माझ्या जागी प्लॅस्टिकच्या मुठीची एक सुरी आणली गेली. मी माळ्यावर खूप दिवस फुगून बसले होते. पण अंधारात स्वतःशी खोटे बोलणे कठीण असते. रक्त माझ्या पात्यावर होते.

खाली दिवस शिस्तीने चालले होते. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे उघडायची-मिटायची; व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे डावा हात भिंतीवर हळूहळू वर चढवायचा; दुपारी गोळी, नूतनसमोर; बुधवारी दुसरी. थकवा आला की आडवे व्हायचे, आणि त्याची लाज बाळगायची नाही. हे शेवटचे त्यांना सगळ्यांत अवघड गेले. पावसाळा सरेपर्यंत सूज उतरली, तरी सुरी काही हातात टिकेना. मुठीला चार बोटांनी आवळून धरावे लागते, आणि तेवढेच बोटांना जमत नव्हते. काकडीसुद्धा नूतन चिरायची.

एके दिवशी इंद्रायणीबाई ओट्याशी उभ्या राहून सुरीकडे बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, “विळीला कुठं मूठ हाय?”

नूतनला कळले नाही. पण मला कळले. माझ्यावर चिरायला बोटांची पकड लागत नाही. दोन्ही तळहातांनी भाजी पुढे रेटली की झाले. त्यांना माझी धार कधीच जड गेली नव्हती. जड गेली होती ती जमीन.

सुतार हौशीरामला बोलावले. त्याने मला माळ्यावरून उतरवले, पोते काढले आणि गंजाकडे पाहून नूतनला चार शब्द सुनावले. इंद्रायणीबाई खुर्चीवर बसल्या की त्यांच्या कोपराला येईल एवढ्या उंचीचे भक्कम टेबल त्याने केले आणि माझ्या पाटाला भोके पाडून मला त्यावर नटबोल्टने आवळले. मित्रांनो, मी विरोध केला. पहिले दोन बोल्ट मी आत घेतले नाहीत. विळी जमिनीची, तिला टेबलावर चढवणे म्हणजे नथ पायात घालण्यासारखे, असे मला वाटत होते. हौशीराम म्हणाला, “म्हातारी लई हट्टी हाय, पर लाकूड चांगलंय,” आणि त्याने तिसरा बोल्ट घातला.

डाव्या हातासाठी नूतनने न कापणारा जाड हातमोजा मागवला. आधी दोन्ही डॉक्टरांना विचारले. थोडा वेळ, हलकी भाजी, असे म्हणून त्यांनी परवानगी दिली. पहिल्या दिवशी दुधी आला. इंद्रायणीबाईंनी तो तळव्यांनी रेटला. फोड पडली. त्यांनी पुढचा दुधी मागितला.

या चैत्रात टेम्पोतून टेबलासकट मी देवळात गेले. अंगणात विळ्यांची ओळ जमिनीवर, आणि तिच्या टोकाला मी, कमरेएवढी उंच. बायकांच्या माना वळल्या. साळुबाईंनी पदर सावरत विचारले, “काय गं इंद्रायणी, बुफे ठेवलाय का काय यंदा?”

“बसून बघ मग बोल,” इंद्रायणीबाई म्हणाल्या.

पहिला भोपळा नूतनने आधी चार तुकडे करून दिला आणि त्याचा पहिला तुकडा माझ्यावर फुटला. मग चाळीस विळ्या चालू झाल्या. तासाभराने इंद्रायणीबाईंनी हात थांबवला. थकल्यावर थांबायचे, हे त्यांना आता येत होते. नूतनने पाण्याचा तांब्या आणि डबी आणली. पूर्वी चारचौघांत असल्या की त्या पाठ फिरवून गोळी घ्यायच्या. त्या दिवशी ओळीकडे तोंड करून घेतली.

“कशाची गं?” साळुबाईंनी हळूच विचारले.

“कर्करोगाची. रोजची हाय. संधिवाताची वेगळी, ती बुधवारी.”

ओळीतल्या दोघी-तिघींचे हात थांबले. त्या अंगणात तो शब्द पहिल्यांदाच कोणी मोठ्याने उच्चारला होता, आणि तोही बाजारभाव सांगावा तसा. मग जमिनीला हात टेकून, दुखणे तोंडावर न दाखवता पण गुडघ्यांनी पुरते दाखवत, साळुबाई उठल्या.

“सरक,” त्या म्हणाल्या. “माझंबी गुडघं दोन वर्सं झाली धड वाकंनात. सांगितलं न्हाई कुनाला.”

इंद्रायणीबाईंनी खुर्ची दिली, हातमोजा काढून पुढे केला, आणि स्वतः देवळाच्या पायरीवर सावलीत जाऊन बसल्या. साळुबाईंच्या फोडी माझ्यावर पडू लागल्या. हौशीरामला आता आणखी तीन टेबलांचे काम आहे.

मित्रांनो, मी पन्नास वर्षे माणसांना माझ्यापुढे वाकवले आणि त्याचा मला अभिमान होता. आता सांगते ते नीट ऐका. घरातले माणूस दुखणे लपवू लागले तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला कशासाठी लपवावे लागते ते पाहा. डॉक्टरांनी दिलेले औषध मनाने बंद करू नका; त्रास होत असेल तर त्यांनाच सांगा. आणि काम करणाऱ्या हातांना वस्तू जमत नसेल तर वस्तू बदला, हात टाकून देऊ नका. मी बदलले, आणि माझी धार तसूभरही कमी झाली नाही.

शेवटी माझ्यासाठीही थोडे. चिरून झाले की मला धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, पात्यावर तेलाचे बोट फिरवा, आणि पाते भिंतीकडे करून ठेवा. घरात लहान मुले असतात. आता उठा, आणि जाताना दाराच्या पायरीवरचा तांब्या भरून ठेवा. इंद्रायणीबाईंना उन्हात तहान फार लागते.