सहावा गोळा

देशोदेशीचे खेळाडू एका मैदानात उतरायची ती मोठी स्पर्धा चार वर्षांनी आली, की त्या घरात टीव्हीसमोरच्या जागांवरून रुसवेफुगवे सुरू होत. प्रत्येकाचं बघण्याचं कारण निराळं. घरची बाई उद्घाटनाचं संचलन बघे ते कपड्यांसाठी. कुठल्या देशाच्या पोरींनी कसली टोपी घातली, कुणाचा झगा अंगाबरोबर बसला, हे तिला वर्षभर पुरे. तिचा भाऊ, म्हणजे घरच्यांचा मामा, आपल्या देशाचं पदक पक्कं असलं तरच खुर्ची धरी, आणि पदक हुकलं की त्या खेळाडूला असा फैलावर घेई, जणू रोज पहाटे उठून हाच त्याला पळायला नेत होता! स्वतः मामा बसच्या मागेसुद्धा कधी धावलेला नाही. लेक मात्र सगळं बघे. नौका, तलवारी, घोडे, नियमाचं ओ की ठो कळत नाही असे खेळसुद्धा.

आणि घरचा कर्ता काहीच बघत नसे. गंमत अशी, की तीस वर्षं तो खेळाच्या सामानाच्या कारखान्यात गोळाफेकीचे गोळे करत होता.

"स्वयंपाक करणाऱ्याची भूक वासानेच मरते," असं तो विचारणाऱ्याला सांगे. लोकांना ते पटे. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं. त्याला आणि लेकीला. आणि ते दुसऱ्यालाही ठाऊक आहे, हे त्या दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

कारखान्यात त्याला ग्रॅमभाऊ म्हणत. बिडाचा गोळा लेथवर फिरवून गोल करायचा, पोटात भोक पाडून शिसं ओतायचं, बूच मारायचं आणि काट्यावर ठेवायचं, हे काम चारजण करत. पण गोळा तळहातावर नुसता तोलून "सहा ग्रॅम जास्त आहे" म्हणणारा हा एकटाच. सुरुवातीला नव्या कामगारांनी पैजा लावून बघितल्या आणि तोंडावर आपटले. एकदा काट्याचं आणि त्याचं जुळेना, तेव्हा मालकांनी काटा दुरुस्तीला पाठवला, ग्रॅमभाऊला नाही. यापेक्षा मोठा मान त्या शेडमध्ये कुणाला मिळाला नव्हता, आणि तो हे घरी आठवड्यातून एकदा तरी सांगे.

लेकीचं घरातलं नाव चिमणी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून ठेवलेलं. पुढे पोरगी अशी भरली, की दारातून आली की खोलीत अंधार पडे, पण नाव काही उडून गेलं नाही. शाळेत ती गोळा फेकायला लागली तेव्हा बापाला आभाळ ठेंगणं झालं. आपण करतो, आपली पोर फेकते! विभागाच्या निवडीसाठी त्याने सुट्टीच्या दिवशी लेथवर बसून तिच्यासाठी तीन किलोचा गोळा घडवला. लाडाकोडात काही कमी राहू नये म्हणून त्याला इतकं पॉलिश केलं, की त्यात तोंड बघून भांग पाडावा. मायेपोटी माणूस जे शहाणपण करतो, त्याला तोड नसते.

मैदानावर ऊन होतं. पोरीच्या हाताला घाम आला. तिन्ही वेळा गोळा बोटांतून सटकला आणि रेषेबाहेर जाऊन पडला. निवड दुसरीची झाली. घरी येताना चिमणी म्हणाली, "माझा पायच वर्तुळाबाहेर जात होता, बाबा." बाप म्हणाला, "होतं असं." तिने पुन्हा गोळा हातात घेतला नाही. आता ती पोस्टात खिडकीवर बसत होती, सव्वीस वर्षांची झाली होती, आणि अकरा वर्षं हे दोघे एकमेकांना सांभाळत गप्प होते.

यंदा त्या मोठ्या स्पर्धेसाठी कारखान्याला बायकांच्या चार किलोच्या सहा गोळ्यांची मागणी आली. मालकांचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी फर्मान काढलं, की सहाच्या सहा गोळे आरशासारखे चमकले पाहिजेत. पाच चमकले. सहावा ग्रॅमभाऊने पॉलिशच्या चाकाला लावूच दिला नाही. नियमात बसेल एवढाच गुळगुळीत केला, आणि लेथच्या बारीक, नखाला जेमतेम लागणाऱ्या रेघा अंगावर तशाच ठेवल्या. रंगाने करडा, दिसायला अगदीच गरीब.

"हा काय अर्धवट राहिलाय?" मालक सगळ्यांसमोर कडाडले. "आपली अब्रू वेशीला टांगायची आहे का?"

"हाताला धरवेल तो," ग्रॅमभाऊ म्हणाला.

"गोळा धरायला काय तुमच्याकडून शिकणार ते लोक?"

"लोक नाही. मीच शिकलोय. उशिरा शिकलोय."

पेट्या त्याच दिवशी जायच्या होत्या, दुसरा गोळा करायला वेळ नव्हता. मालकांनी तो सहावा नाइलाजाने पेटीत टाकला आणि बोट नाचवत म्हणाले, "तिथे या भिकाऱ्याला एकीनेही हात लावला, तर पुढचे सगळे गोळे तुम्ही म्हणाल तसे. नाही लावला, तर पुढच्या महिन्यापासून फिनिशिंग दुसऱ्याकडे. तुम्ही पॅकिंगला बसायचं."

ग्रॅमभाऊने हे घरी सांगितलं ते स्पर्धा सुरू झाल्यावर. बायको आधी मालकावर भडकली, मग नवऱ्यावर. मग म्हणाली, "बायकांची गोळाफेक रविवारी दुपारी आहे ना? मी बाकीची कामं सकाळीच उरकते."

रविवारी सगळे जमले. ग्रॅमभाऊही खोलीत आला, पण टीव्हीकडे पाठ करून, इस्त्रीचं बिघडलेलं बटण मांडीवर घेऊन बसला. मामाने पहिल्याच मिनिटाला नाक मुरडलं. "आपली बाई पात्रता फेरीतच गेली. मग बघायचं काय? परक्यांच्या लग्नात आपण नाचायचं?"

"तुम्ही नका नाचू, पण गप्प बसा," चिमणी म्हणाली, आणि बापाच्या पाठीला सांगू लागली, "बाबा, रॅकवर बारा गोळे आहेत. निरनिराळ्या कारखान्यांचे. आपले पाच चमकतायत. करडा शेवटी आहे, कोपऱ्यात."

"कुणी घेतला?"

"नाही अजून."

पहिली फेरी संपली. बायकांनी लाल घेतला, निळा घेतला, चमकणारे तर हातोहात गेले. करडा लग्नातल्या गरीब पाहुण्यासारखा बसून राहिला. बटणाचा स्क्रू ग्रॅमभाऊच्या हातून दोनदा खाली पडला. बायकोने तो दोन्ही वेळा उचलून दिला.

दुसऱ्या फेरीत तिथे पाऊस भुरभुरू लागला. एक उंच, लांब वेणीची बाई वर्तुळात आली. चमकता गोळा तिने फडक्याने पुसला, मानेशी धरला, गर्रकन वळली. आणि चिमणी बोलता बोलता थांबली.

त्या गप्पपणाने ग्रॅमभाऊ वळला. पडद्यावर गोळा रेषेबाहेर चिखलात पडला होता आणि ती बाई स्वतःच्या ओल्या बोटांकडे बघत उभी होती.

"घसरला, बाबा."

"बघितलं."

चिमणी त्याच्याकडे वळली. "त्या दिवशी माझा पाय बाहेर गेला नव्हता."

"तेही बघितलं होतं," बाप म्हणाला. "गॅलरीत पहिल्याच रांगेत होतो मी. गोळा तुला मी चुकीचा दिला होता, पोरी. तुझं काही चुकलं नव्हतं."

बायको एकदा नवऱ्याकडे, एकदा लेकीकडे बघत राहिली. मामाला काही कळलं नाही, पण त्याने टीव्हीचा आवाज कमी केला, एवढी अक्कल त्याला होती.

पुढची खेळाडू ठेंगणी, रुंद खांद्यांची होती. तिने रॅकपाशी जाऊन एक गोळा उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मग कोपऱ्यातला करडा घेतला. त्याच्यावरून अंगठा फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला.

"रेघा लागल्या तिला!" ग्रॅमभाऊ ओरडला, आणि इस्त्रीचं बटण पार पलंगाखाली गेलं.

तिने फेकला. पावसात, पहिल्या फेरीत कुणाचाच गेला नव्हता तेवढा लांब. मैदान गरजलं. आणि मग जे झालं, ते पुढे कितीतरी दिवस घरी आणि शेडमध्ये सांगितलं गेलं, आणि दर वेळी थोडं वाढवून. पुढची खेळाडू रॅककडे बघेचना. गोळा मैदानातून परत येईपर्यंत ती हात पुढे करून उभी राहिली. तिच्यानंतरची तशीच. ती लांब वेणीवालीसुद्धा. बारा गोळे मांडलेले, आणि आठ देशांच्या आठ बायका एका गरीब करड्या गोळ्याची वाट बघत एकामागे एक उभ्या!

"ही पण तोच घेतेय!" मामा खुर्चीतून उठून नाचत होता. "घे बाई, घे! आमचा आहे तो!"

"आता कुणाच्या लग्नात नाचताय?" चिमणी म्हणाली.

त्या दिवशी ग्रॅमभाऊने आठही देशांच्या नावाने आरोळ्या ठोकल्या. सुवर्ण त्या रुंद खांद्यांच्या बाईने नेलं. कॅमेरा तिच्या रडण्यावर गेला, झेंड्यावर गेला. गोळ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. या घरात मात्र पडद्याच्या कडेला, ओल्या गवतात पडलेल्या त्या करड्या ठिपक्याकडे चौघं डोळे लावून बसले होते. ग्रॅमभाऊच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "चार किलो बारा ग्रॅम," तो म्हणाला. "माझ्या हातचा आहे."

मालकांचा फोन आला. ते आधी दोनदा "हॅलो" म्हणाले. शेवटी म्हणाले, "भाऊ, पॉलिशचं चाक उद्यापासून बंद. तुम्ही सांगाल तसं."

ग्रॅमभाऊने फोन ठेवला तेव्हा चिमणी समोर येऊन उभी होती.

"पोस्टाच्या स्पर्धा आहेत तीन महिन्यांनी," ती म्हणाली. "दरवर्षी असतात. मी नाव देत नाही." मग म्हणाली, "मला एक करून द्या. तसाच."

बापाने तिच्याकडे नीट बघितलं. मग फळीवरून मोजपट्टी काढली.

"हात पुढे कर," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी मापच घेतलं नव्हतं."