ओला चोथा

सानगडीजवळच्या गावात बायांच्या बचत गटानं तलाव घेतला, तेव्हापासून मासोळ्यांच्या खाद्याचं सगळं मंगलाबाईंच्या हाती होतं. बिअरच्या कारखान्यातून जवाचा चोथा यायचा. तो अंगणात उन्हात कडकडीत वाळवायचा, त्यात धानाचा कोंडा आणि भुईमुगाची ढेप मिसळायची. रोहू, कतला त्यावर अशा पोसत, की बाजारात पाटी टेकायचाच अवकाश.

यंदा भादव्यात चोथा आला आणि सहा दिवस ऊनच पडलं नाही. सातव्या दिवशी मंगलाबाईंनी ढिगात हात घातला तो चटका बसल्यासारखा मागं घेतला. ढीग आतून तापला होता. आंबूस वास मारत होता आणि तळाशी हिरवी बुरशी धरली होती. त्यांनी तो खड्ड्यात पुरायला सांगितलं. तलावाची राखण करणारा त्यांचा दीर डोमा कुरकुरला. मासोळी काहीही पचवते, असं त्याचं म्हणणं. पण शेवटी हो म्हणाला.

दोन दिवसांनी सकाळी मंगलाबाईंच्या अंगणात तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्या ढिगावरच टिपत असायच्या. मंगलाबाई तशाच तलावाच्या पाळीवर गेल्या. आभाळ दाटलेलं, वारा पडलेला. पाण्यावर फेसाळ तवंग होता आणि शेकड्यानं मासोळ्या तोंडं वर काढून हवा गिळत होत्या.

"डोमाभाऊ, चोथा पुरला ना?"

डोमा पाण्याकडं बघतच म्हणाला, "चार बोऱ्या तलावात टाकल्या, वहिनी. पुराले जीव नाही झाला."

रागवायलाही सवड नव्हती. त्यांनी इंजन लावून विहिरीचं ताजं पाणी तलावात सोडायला लावलं आणि दोघं तिथंच थांबली. दुपारपर्यंत बऱ्याच मासोळ्या खाली गेल्या, पण काठाला पांढरी पोटं लागतच होती. मेलेल्या पुरून टाकाव्या म्हणून मंगलाबाई टोपली आणायला घरी गेल्या, आधी कोंबड्या पुरल्या आणि दीडेक तासानं परतल्या, तर डोमा पलीकडं इंजनापाशी आणि गावाकडचा काठ साफ झालेला.

पहिलं घर पुष्पाबाईचं. चुलीवर गंजात मासोळीचा रस्सा उकळत होता. मंगलाबाईंनी पदरानं गंज धरला आणि अंगणात पालथा केला.

"असं काहून केलं, बाई?"

मंगलाबाईंनी चोथ्याचं, कोंबड्यांचं सांगितलं. पुष्पाबाईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"मी एकटीनं नाही आणल्या वो. साऱ्या मोहल्ल्यानं नेल्या."

मंगलाबाई बाहेर धावल्या. शेजारच्या दारात लेकरं जेवून हात धूत होती.